धागा: वडिलांची कॅसेटमधली गाणी यूट्यूबवर जोरात चालतायत. एकदा नोंदवलं की सगळीकडून रॉयल्टी गोळा करणारं ॲप आहे का?

वेबिलवाला | रवि, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. विभाग चुकला असेल तर ॲडमिननी धागा हलवावा.

आमचे अण्णा, वय ७३, एसटीत कंडक्टर होते. मुक्कामाची गाडी असली की रात्री गावातल्या देवळात भजनाला बसायचे आणि वेबिलाच्या (कंडक्टरचा फेरीच्या हिशोबाचा कागद) पाठकोऱ्या बाजूवर गाणी लिहायचे. १९९६ ते १९९९ या काळात पुण्यातल्या एका कॅसेट कंपनीला त्यांनी देवीची ११ गाणी दिली. शब्द त्यांचे, चालीही त्यांच्याच. एका गाण्याचे पंधराशे रुपये रोख, वर एक जेवण. कंपनी पुढे बंद पडली, माल म्हणे दुसऱ्या कुणाला विकला.

गेल्या नवरात्रात मुलगी मोबाइलवर कसलंसं गाणं वाजवत होती आणि अण्णा पलंगावरून उठून बसले. "हे माझंय," म्हणाले. शोधलं तर चार चॅनेलवर सापडलं. एकावर १ कोटी १४ लाख व्ह्यूज. गायकाचं नाव आहे, कोरसवाल्यांचंसुद्धा आहे. गीत-संगीताच्या जागी लिहिलंय 'पारंपरिक'.

अण्णा हसले आणि परत आडवे झाले. मला मात्र तेव्हापासून झोप नाही.

भाचा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, "मामा, ब्लॉकचेनवर टाका, प्रत्येक वेळी गाणं वाजलं की पैसे आपोआप खात्यात." असं काही खरंच आहे का? एकदा ११ गाणी नोंदवायची आणि यूट्यूब, रेडिओ, कॉलरट्यून, लग्नाचा बँड सगळीकडून पैसे एका जागी यायचे, अशी सोय कुणाला माहीत आहे का?

रानजाई | रवि, रात्री ९:३०

थोडक्यात उत्तर: नाही. धाग्याला शुभेच्छा. 🙏

खवचट_खान्देशी | रवि, रात्री ९:४१

मी गातो तेव्हा शेजारी थांबवायचे पैसे द्यायला तयार असतात. त्या रॉयल्टीसाठी कुठल्या सोसायटीत नाव घालावं?

तंबोरा | रवि, रात्री १०:०५

खवचटराव, तुमचा हक्क 'परफॉर्मर'चा. खाली येतोच त्यावर.

वेबिलवाला, ॲपच्या आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं गोंधळाचं वाटेल. एका गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक. स्टुडिओत झालेलं ध्वनिमुद्रण ही दुसरी. शब्द-चाल अण्णांची, मुद्रण कंपनीचं. यूट्यूबवर जे वाजतंय त्यात दोन्ही आहेत, म्हणून पैशालाही दोन वाटा फुटतात. तिसरी वाट गायक-वादकांची.

तिन्हींची दुकानं वेगळी. कवी आणि संगीतकारांचे पैसे गोळा करून वाटते ती आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. १९६९ ची संस्था, मधे बऱ्याच भानगडी झाल्या, २०१७ मध्ये कॉपीराइट सोसायटी म्हणून पुन्हा नोंदणी झाली. मुद्रणाच्या सार्वजनिक वाजवण्याचं काम पीपीएल आणि आरएमपीएल या संस्था बघतात. गायक-वादकांसाठी इसरा होती, आता तिचं नाव इसामरा.

अण्णांचं दुकान पहिलं. तिथे सभासद व्हा, आजच. अर्ज ऑनलाइन होतो. पॅन, बँकेचा रद्द चेक, फोटो आणि प्रसिद्ध झालेल्या गाण्यांची यादी लागते. सभासद झाल्यावर एक आयपीआय नंबर, म्हणजे कवी-संगीतकाराचा ओळख क्रमांक, मिळतो, तो जगभर चालतो. मग एकेक गाणं नोंदवायचं.

माझ्या वडिलांच्या बाबतीत हे सगळं मी केलंय. पहिला हप्ता आला तेव्हा त्यात दोन जणांचा उडप्याकडे मसाला डोसा झाला. पण स्टेटमेंटवर त्यांच्या नावापुढे त्यांच्या गाण्याचं नाव होतं. ते आईने देवघरात ठेवलंय.

निवांतनाना | रवि, रात्री ११:२०

सगळं ठीक आहे, पण एक विचारतो. पंधराशे रुपये घेतले ना? सुतार टेबल करून देतो, पैसे घेतो, मग त्या टेबलावर कोण कोण जेवलं म्हणून दरमहा हिशोब मागतो का?

मधुवंती | सोम, सकाळी ७:१५

नाना, हा वाद तुमच्या-माझ्या जन्माआधीचा. साठच्या दशकात लताबाईंचं म्हणणं होतं की गायकांनाही रॉयल्टी हवी. रफीसाहेब म्हणायचे, गायलो, मानधन घेतलं, विषय संपला. त्यापायी दोघं काही वर्षं एकत्र गायली नाहीत. तेव्हा तुम्ही रफीसाहेबांच्या बाजूला आहात, संगत वाईट नाही. 😄

पण टेबलाचं उदाहरण फसतं. टेबलाच्या नकला छापून कुणी दहा लाख घरांत विकत नाही.

निवांतनाना | सोम, सकाळी ७:५०

बरं बुवा, टेबल मागे घेतलं.

पायथॉनपंत | सोम, सकाळी १०:३३

माझं पोटापाण्याचं काम याच्या जवळपासचं आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

गाणं किती वेळा वाजलं हे मोजणं आता अवघड राहिलेलं नाही. ऑडिओ फिंगरप्रिंट म्हणजे आवाजाच्या आलेखातल्या ठळक ठिपक्यांची नक्षी. हॉटेलच्या गोंगाटातसुद्धा पाच-दहा सेकंदांत मुद्रण ओळखता येतं. गाणं ओळखणारं शझाम २००२ पासून हेच करतंय. व्हिडिओतलं गाणं ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा, कंटेंट आयडी, २००७ पासून आहे. स्ट्रीमिंग कंपन्या दर महिन्याला कोट्यवधी ओळींचे अहवाल पाठवतात, त्यासाठी डीडीईएक्स नावाचा ठरलेला साचासुद्धा आहे.

अडतं ते पुढे. अहवालातल्या ओळीवर मुद्रणाचा नंबर असतो, आयएसआरसी, १२ अक्षरांचा. कवी-संगीतकाराचे पैसे द्यायचे तर गाण्याचा नंबर हवा, आयएसडब्ल्यूसी, 'टी' ने सुरू होणारा. या दोन नंबरांची गाठ कुणीतरी माणसाने मारून द्यावी लागते. ती मारलेली नसेल तर मशीन नावावरून जुळवत बसतं. आणि आपली नावं रोमन लिपीत!

परवाच 'ज्ञानोबा' एकाच यादीत चार प्रकारे सापडला. डी-एन-वाय, जे-एन, जी-वाय, आणि एका महाभागाने नुसता जी. 'ळ' चा तर खेळखंडोबा, कुणी एल, कुणी डबल एल, कुणी झेड-एच. मधल्या नावाचं कधी आद्याक्षर, कधी अख्खं नाव, कधी काहीच नाही. एकच कवी पाच जणांत वाटला जातो आणि पाचांपैकी एकाच्याच नावावर बँक खातं असतं.

त्यात भक्तिगीतं म्हणजे कळस. 'आई अंबाबाई' नावाची गाणी किती असतील? आणि जुन्या कॅसेटचं काय करतात माहितीये? अख्खी साइड ए एकच २८ मिनिटांचा व्हिडिओ म्हणून चढवतात, नाव 'देवीची गाणी भाग ३'. आत सहा गाणी, नंबर एकाचाही नाही. मशीनला बिचाऱ्याला कसं कळावं की तिसऱ्या गाण्याचे शब्द सातारा डेपोच्या कंडक्टरचे आहेत?

वेबिलवाला, तुमचा तो १ कोटीवाला व्हिडिओ एका गाण्याचा आहे की साइडचा?

वेबिलवाला | सोम, दुपारी १:०२

साइडचा! २६ मिनिटं. अण्णांची त्यात चार गाणी आहेत, दोन दुसऱ्या कुणाची. तुम्ही व्हिडिओ न बघता कसं ओळखलंत!

आमच्या आडनावात 'क्ष' आहे. पॅनवर के-एस-एच, पेन्शनच्या कागदावर एक्स, बँकेत सी-एच. घ्या.

खवचट_खान्देशी | सोम, दुपारी १:०९

म्हणजे कॅसेट उलटी करायला विसरले म्हणून साइड बी चे पैसे बुडाले.

उंडगा | सोम, दुपारी २:२५

पण मग ब्लॉकचेनचं काय? तिथे नोंद बदलता येत नाही, सगळ्यांना दिसते, मधला दलाल नाही. हेच तर हवंय ना? मला तर कल्पना भारी वाटते.

पायथॉनपंत | सोम, दुपारी ३:१०

@उंडगा, तुमच्या गावाकडे जमीन आहे का?

उंडगा | सोम, दुपारी ३:१४

आहे. सव्वा एकर, सात हिस्सेदार. का?

पायथॉनपंत | सोम, दुपारी ३:४०

सातबारा ऑनलाइन झाला. घरबसल्या डिजिटल सहीचा उतारा मिळतो. चांगलंच झालं, तलाठ्याकडचे हेलपाटे वाचले. पण आजोबा वारल्यावर वारसनोंद घातली नसेल, आत्याचं नाव फेरफारात राहिलं असेल, तर ऑनलाइन उताऱ्यावर काय दिसतं? तीच चूक, फक्त रंगीत प्रिंटमध्ये.

संगीताचं तसंच. 'पारंपरिक' अशी नोंद ब्लॉकचेनच्या साखळीत गेली की ती कधीच न पुसता येणारी 'पारंपरिक' होणार. गाणं कुणाचं हे साखळी ठरवत नाही, सांगणारा माणूस ठरवतो.

आणि 'सगळ्या जगाचं एकच रजिस्टर' हा प्रयोग होऊन गेलाय. ग्लोबल रेपर्ट्वार डेटाबेस नावाने मोठमोठ्या सोसायट्या आणि प्रकाशक एकत्र बसले होते. २०१४ मध्ये गाशा गुंडाळला. संगणक कमी पडला म्हणून नव्हे. पैसे कुणी घालायचे आणि चावी कुणाच्या हातात, यावर.

अमेरिकेने कायदा करून एकच खिडकी उघडली, मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह, जानेवारी २०२१ पासून. पुढच्याच महिन्यात स्ट्रीमिंग कंपन्यांनी तिथे किती रक्कम जमा केली? ४२ कोटी ४० लाख डॉलर. हे कुणाचे होते? 'मालक सापडला नाही' या सदरातले, वर्षानुवर्षं साठलेले. अमेरिकेत, इंग्रजी गाण्यांच्या बाबतीत ही अवस्था.

श्टुटगार्टकर | सोम, संध्या ६:५५

इथल्या गमतीत भर. जर्मनीत गेमा नावाची सोसायटी आहे, तिचं मूळ १९०३ पर्यंत जातं. इथे न्यायालयं असं धरून चालतात की सार्वजनिक ठिकाणी वाजलेलं गाणं गेमाच्याच यादीतलं आहे. नसेल तर ते तुम्ही सिद्ध करायचं.

आमच्या मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात दोन तास मराठी गाणी होती. कार्यक्रमाआधी हॉल किती चौरस मीटर, तिकीट किती, हे ऑनलाइन भरून परवाना घेतला. नंतर वाजवलेल्या गाण्यांची यादी भरायची, गाणं, संगीतकार, किती मिनिटं. ते काम माझ्या गळ्यात. फॉर्म उत्तम, टाइप करायला लागलं की नावं सुचवतो. मी भावगीतांची नावं घालतोय आणि तो मला इटालियन ऑपेरा सुचवतोय.

सगळ्यात मोठं भांडण घरात झालं. बायको म्हणे अमुक गाण्याला चाल त्यांची, मी म्हणे ह्यांची. गायकाचं नाव दोघांनाही झोपेत पाठ. संगीतकार आणि कवीसाठी जुन्या कॅसेटचं इनले कार्ड (डबीतला छापील कागद) शोधलं, आईकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवला. तरी २२ पैकी ३ गाण्यांपुढे जागा मोकळी सोडली.

तेव्हा जाणवलं, आपण गाणं गायकाच्या नावाने ओळखतो. रॉयल्टी मात्र आपल्याला आठवत नाही त्या माणसांना जायची असते.

तंबोरा | सोम, संध्या ७:३०

ही यादी आपल्याकडे कोण भरतं? महिन्याला पंधरा ऑर्केस्ट्रा करणारा आमचा एक मित्र आहे. निवेदक गाण्याआधी कवी, संगीतकार, चित्रपट, साल सगळं टाळ्या घेत सांगतो. तेच कागदावर उतरवून पाठव म्हटलं तर "आयोजकाचं काम". आयोजक म्हणतो "कलाकाराचं काम". फिंगरप्रिंट इथे कामाचं नाही, कारण गाणं जिवंत वाजतंय, मुद्रण नाही. ढोलताशावर वाजलेलं कुठलं यंत्र ओळखणार!

म्हापसेकार | सोम, रात्री ९:०५

गोंयकार बोलतो. हॉल आहे आमचा, लग्नं होतात. बाकीच्यांचं घेण्याचं चाललंय, मी देणारा.

द्यायला ना नाही. पण कुणाला द्यायचे हेच नीट कळत नव्हतं. एक पत्र या संस्थेचं, दुसरं त्या संस्थेचं, आणि वधूचा बाप म्हणतो लग्नात लागतच नाही. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही, कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये धार्मिक विधीला, लग्नाच्या वरातीलासुद्धा, सूट आहे. जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने परिपत्रक काढलं की लग्नाच्या संगीताला कुणी परवाना मागू नये. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने ते रद्द केलं. आता सप्तपदी कुठे संपते आणि डीजे कुठे सुरू होतो हे मी बघू?

मला विचाराल तर ॲप आमच्यासारख्यांसाठी करा. तारीख टाकली, पाहुणे टाकले, एक रक्कम, एक पावती, आतली वाटणी तुमची तुम्ही करा. वीजबिलासारखं. मी आनंदाने भरेन.

रानजाई | सोम, रात्री ९:२२

+१. घेणाऱ्यांइतकीच देणाऱ्यांचीही सोय हवी, हे कुणी बोलतच नाही.

गिटार_गजा | सोम, रात्री ११:४८

नव्या पोरांच्या बाजूने थोडं. आमचा तिघांचा बँड होता. तंत्रज्ञानाला शिव्या घालू नका, गाणं पुण्यातल्या बेडरूममधून चार दिवसांत जगभर जातं, आयएसआरसी वितरक (गाणी स्ट्रीमिंगवर चढवून देणारी कंपनी) स्वतःच देतो, आणि बऱ्याच वितरकांकडे वाटणीची सोय आहे. टक्के टाका, प्रत्येकाचे पैसे थेट प्रत्येकाच्या खात्यात. आमच्या आधीच्या पिढीला हे स्वप्नवत वाटलं असतं.

आता कडू भाग. टक्के टाकायच्या आधी आम्ही भांडलो. धून माझी, शब्द तिचे, पण ज्या बीटमुळे गाणं चाललं तो बीट तिसऱ्याचा. तो म्हणे माझा ४० टक्के. मी म्हणे बीट म्हणजे चाल नव्हे. सहा महिने खातं गोठलेलं. सध्या प्रत्येकी ३३ टक्के आणि उरलेला १ टक्का चहाचा, असं ठरलंय. बँड मात्र मोडला.

आणि स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला मुद्रणाचे पैसेच मिळत नाहीत. आमची चार गाणी त्या रेषेच्या खाली आहेत. पाचव्यावर तिघांचा चहा निघतो.

खवचट_खान्देशी | मंगळ, सकाळी ८:००

१ टक्क्यात तीन चहा येत असतील तर गाणं बरं चाललंय की!

मधुवंती | मंगळ, सकाळी ९:३६

माझा उलटा अनुभव. मी अभंगाचे वर्ग घेते. तुकोबांचा अभंग, चाल आमच्या गुरुजींनी शिकवलेली, साथीला पेटी आणि टाळ, मुद्रण घरचं. व्हिडिओ चढवून दहा मिनिटं झाली नाहीत तर क्लेम आला की हे संगीत दुसऱ्याच कुणाचं आहे! जाहिरातीचे पैसे तिकडे. मी हरकत घेतली. समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात. त्याने विसाव्या दिवशी क्लेम सोडला, कारण दिलं नाही.

तोवर आषाढी होऊन गेली होती. वर्षातले जे काही बघायचे ते लोक त्याच दिवसांत बघतात.

तुकोबांच्या वह्या तेराव्या दिवशी वर आल्या म्हणतात. मला वीस लागले.

कोर्टकचेरी | मंगळ, दुपारी १२:५०

उशिरा आले, तारखा होत्या. कामाचं बोलू.

१९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चित्रपटासाठी पैसे देऊन गाणं करून घेतलं तर वेगळा करार नसल्यास हक्क निर्मात्याचा. न्या. कृष्णा अय्यर यांनी तेव्हाच जोडटिपणी लिहिली की गायकांकडे कायदा बघतच नाही, हे संसदेने बघावं. संसदेने सावकाश बघितलं. २०१२ च्या दुरुस्तीसाठी राज्यसभेत जावेद अख्तर हिरिरीने बोलले होते. त्या दुरुस्तीनंतर, चित्रपटाबाहेरच्या गाण्याचे हक्क कुणी ध्वनिमुद्रणासाठी लिहून दिले तरी त्या गाण्याच्या वापरातला समान वाटा मागायचा कवी-संगीतकाराचा अधिकार जात नाही, कलम १९(१०). आणि एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिओ कंपन्यांविरुद्धच्या आयपीआरएसच्या दाव्यांत अंतरिम आदेश दिला की मुद्रण वाजवलं तरी शब्द-चालीचे पैसे वेगळे द्यावे लागतील.

अण्णांची गाणी २०१२ च्या आधीची, त्यामुळे नवं कलम जुन्या व्यवहाराला लागतं का यावर समोरचा वकील भांडणार. म्हणून मला आधी कागद हवा. वेबिलवाला, पंधराशे रुपये घेताना अण्णांनी सही कशावर केली? त्यावर नेमकं काय लिहिलंय? जसंच्या तसं टाका, नावं झाकून.

सीए_ताई | मंगळ, दुपारी १:१५

मी फक्त एवढंच सांगते, अर्जात पॅन नीट घाला. रॉयल्टीवर १० टक्के टीडीएस कापतात, पॅन नसेल तर २०. अण्णांचं उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो. २६एएस (आयकर खात्याकडचा कापलेल्या कराचा तक्ता) बघत जा, कधी कधी पैसे आल्याचं आधी तिथेच कळतं.

आणि ज्यांचं स्वतःचं यूट्यूब चॅनेल कमावतं त्यांनी अमेरिकेचा डब्ल्यू-८बेन हा कराचा फॉर्म भरा. न भरल्यास जगभरच्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात. भरलात तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर, तेही १५ टक्के.

वेबिलवाला | मंगळ, रात्री १०:४४

आज सुट्टी टाकली. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. आत गणवेशाचं बिल्ल्यासकट जाकीट, तिकीट पंच करायचा चिमटा, आणि वेबिलांचा गठ्ठा सुतळीने बांधलेला. पाठीमागं गाणी. पेन्सिलने, पण पुढच्या बाजूला तारीख, गाडी नंबर आणि मार्ग छापलेला-भरलेला. म्हणजे प्रत्येक गाणं कुठल्या रात्री कुठल्या गावात लिहिलं ते सरकारी कागदावर आहे!

पावत्या तीन सापडल्या. एकीवर जसंच्या तसं: "देवीची गाणी ४ (चार) लिहिणे व चाल देणे याबद्दल रु. ६,०००/- अक्षरी सहा हजार फक्त रोख मिळाले." महसुली तिकीट, त्यावर अण्णांची सही, तारीख १४ ऑगस्ट १९९६. बस. हक्काबिक्काचं काही नाही.

कोर्टकचेरी | मंगळ, रात्री ११:०२

हा कागद लॅमिनेट करू नका!! प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि दोन्ही बाजू स्कॅन करा.

हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं, कलम १९(१). तुमच्या कागदावर सही आहे, पण ती पैसे मिळाल्याची पोच आहे. हक्क दिल्याचं एक अक्षर नाही. आणि जरी कुणी म्हणालं की दिले असंच समजा, तरी १९९४ च्या दुरुस्तीने, जी मे १९९५ पासून लागू आहे, मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच धरले जातात. तुमची पावती ऑगस्ट १९९६ ची. पाच वर्षं मोजा. समोरच्याकडे दुसरा एखादा करारनामा निघू शकतो, तेव्हा लगेच नोटीस-बिटीस नको. पण बाजू चांगली आहे. शब्द आणि चालीचा हक्क अण्णांच्या हयातीनंतर ६० वर्षं चालतो, तुमच्या मुलीपर्यंत.

सभासद व्हायला यातलं काही आड येत नाही. तो अर्ज उद्याच भरा.

पायथॉनपंत | मंगळ, रात्री ११:२०

आणि अर्जात आडनाव पॅनवर आहे तसंच, के-एस-एच. बाकीची दोन्ही रूपं पर्यायी नावं म्हणून कळवा. गाणी नोंदवताना प्रत्येकाची पहिली ओळसुद्धा द्या, नुसतं 'आई अंबाबाई' नको. त्या २६ मिनिटांच्या व्हिडिओत कुठलं गाणं कितव्या मिनिटाला सुरू होतं त्याची यादी करून ठेवा. कंटाळवाणं काम आहे. पण हे दुसरं कुणीच करणार नाही.

उंडगा | बुध, सकाळी ७:४०

हे सगळं वाचून मी काल सातबारा काढला. आत्याचं नाव खरंच नाहीये. 😶

वेबिलवाला | शनि, संध्या ५:१८

अपडेट. सभासदत्वाचा अर्ज गेला. पोच आली. आज दुपारी अण्णांना शेजारी बसवून गाण्यांची यादी करायला घेतली, नोंदणीच्या वेळी हाताशी असावी म्हणून. पहिली आठ झटपट झाली. गीत अण्णा, संगीत अण्णा.

नवव्याला म्हणाले, "थांब. ही चाल माझी नाही."

म्हटलं मग कुणाची? तर मुक्कामाच्या गावात पहाटे एक म्हातारी जात्यावर बसायची, गाडीत झोपलेल्या अण्णांना ऐकू यायचं. त्या ओवीवरून उचललेली. शेवटच्या तिन्ही गाण्यांचं तसंच. वेबिलावर गावाचं नाव आहे, म्हातारीचं नाव त्यांना कधीच माहीत नव्हतं. अर्धा तास हुज्जत घातली. मी म्हटलं, अण्णा, त्या चॅनेलवाल्याने सगळंच 'पारंपरिक' लिहिलंय, तुम्ही कशाला तीन सोडताय? ऐकत नाहीत. "त्यानं खोटं लिवलं म्हणून मी पण लिवू का?"

तेव्हा प्रश्न असा: शब्द अण्णांचे आणि चाल पारंपरिक असं वेगळं वेगळं नोंदवता येतं ना?

तंबोरा | शनि, संध्या ५:५०

येतं. गीतकार अण्णा, संगीताच्या जागी पारंपरिक. शब्दांचा वाटा त्यांचाच राहतो. पण अण्णांनी ओवीत काही बदल केला असेल, कडवं वेगळं बांधलं असेल, तर तेही सांगता येतं. नीट विचारा त्यांना.

वेबिलवाला | शनि, संध्या ६:३१

विचारलं. म्हणाले, "बदल केला की. तिच्यात जात्याची घरघर होती, मी तिथं हलगी टाकली."

निवांतनाना | शनि, संध्या ६:४०

त्या गाण्याची लिंक द्या राव. कितव्या मिनिटाला आहे?

वेबिलवाला | शनि, संध्या ६:४४

१७ मिनिटं २० सेकंद. हलगी आधी येते.